थांबलेले इंजीन

गोठ्याशेजारच्या पडवीत किंवा चिंचेच्या झाडाखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी पिकअप गाडी पुष्कळांच्या पाहण्यात असेल. टायर जमिनीला टेकलेले असतात, मागच्या हौद्यात कडबा भरलेला असतो आणि कोंबड्यांनी तेथे आपला संसार थाटलेला असतो. ‘इंजीन जाम झाले’ एवढेच घरची माणसे सांगतात, आणि कधीतरी ती गाडी भंगारवाल्याच्या हाती जाते. वस्तुतः असे इंजीन पुष्कळदा पुन्हा चालू शकते. उभे राहून त्याचे जेवढे नुकसान होत नाही, तेवढे ते एकदम सुरू करण्याच्या घाईने होते.

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या जीपचे इंजीन घरच्या घरी दुरुस्त करण्यास विशेष सोयीचे आहे. अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड कंपनीत १९३८ साली आलेल्या डेल्मर रूस या अभियंत्याने कंपनीच्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनात सुधारणा करून ते ६० अश्वशक्तीचे केले. महायुद्धानंतर १९४७ साली निघालेल्या विलीजच्या पिकअप गाडीतही हेच इंजीन होते. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि जीपच्या यंत्राची ओळख महाराष्ट्रातील मिस्त्र्यांना झाली. हे इंजीन चार सिलिंडरांचे व सुमारे २.२ लिटरचे आहे. त्याच्या झडपा सिलिंडरांच्या डोक्यावर नसून बाजूला बसविलेल्या आहेत. त्यामुळे वरचे हेड म्हणजे केवळ एक जाड झाकण होय. शिवाय पुढून हँडल घालून ते हाताने फिरविता येते, आणि सारी मदार या सोयीवर आहे.

इंजीन जाम का होते? प्रत्येक सिलिंडरात पिस्टन वरखाली सरकतो व त्याच्या भोवतीच्या रिंगा सिलिंडराच्या भिंतीला घट्ट चिकटून असतात. इंजीन थांबते तेव्हा कोणत्या ना कोणत्या सिलिंडराची झडप उघडी राहतेच. पावसाळ्यातील दमट हवा त्या वाटेने आत शिरते. भिंतीवरचा तेलाचा पातळ थर ओघळून गेलेला असतो. तेथे गंज चढतो आणि रिंगा जागच्या जागी धरल्या जातात. अशा वेळी कोणी नवी बॅटरी जोडून स्टार्टर दाबतो, तर कोणी गाडी गिअरमध्ये टाकून ती ट्रॅक्टरला बांधून ओढतो. मग रिंगा तुटतात, सिलिंडराच्या भिंतीवर चरे पडतात, क्वचित कनेक्टिंग रॉडही वाकतो. जे काम दोन वाट्या तेलात झाले असते, ते अशा रीतीने हजारो रुपयांचे होऊन बसते.

म्हणून प्रथम चारही स्पार्क प्लग काढावेत. काढण्यापूर्वी त्यांच्या भोवतीची धूळ फुंकून टाकावी, नाही तर ती नेमकी आत पडते. प्रत्येक भोकातून थोडे रॉकेल किंवा डिझेल इंजीनऑइलमध्ये मिसळून ओतावे व दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये. ते तेल रिंगांच्या फटींतून हळूहळू झिरपते. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडल पुढेमागे हलवून पाहावे. बोटभर हलले तर तेथेच थांबावे, पुन्हा तेल घालावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवावे. या कामी आठवडा लागला तरी तो वाया गेला असे समजू नये.

एवढ्या अवधीत खालचे जुने तेल काढून घ्यावे. तळाचा बोल्ट सैल करताच आधी पाणी आले, किंवा तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे हे उघड होय. ते कोठून आले हे शोधल्यावाचून पुढे जाऊ नये. सुमारे ४ लिटर नवे तेल घालून इंजीन हाताने फिरू लागले, की प्रत्येक प्लगच्या भोकावर अंगठा धरावा व दुसऱ्याने हँडल फिरवावे. हवेने अंगठा जोराने ढकलला गेला तर ते सिलिंडर शाबूत आहे. जेथे हवेचा जोर लागत नाही, तेथे बहुधा झडप उघडी अडकलेली असते. वरचे झाकण काढले की ती समोर दिसते. तिच्या दांड्यावर तेल सोडून लाकडी मुठीने हलकेच ठोकल्यास ती पूर्ववत बसते. झाकण पुन्हा बसविताना गॅस्केट मात्र नवे हवे.

यानंतर ठिणगीची परीक्षा. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट बरीच वर्षे पडून राहिल्याने काळवंडतात. बारीक पॉलिश पेपरने ते स्वच्छ करून त्यांच्यातील अंतर अर्धा मिलिमीटर ठेवावे. या इंजिनाच्या प्लगांना १, ३, ४, २ या क्रमाने ठिणगी मिळते. उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलताना हा क्रम चुकला तर सारे श्रम फुकट जातात. ठिणगी पाहताना जवळपास पेट्रोल असता कामा नये.

टाकीतील जुन्या पेट्रोलला आंबूस वास येतो व त्याचा डिंकासारखा साका कार्बुरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. ते पेट्रोल काढून टाकावे. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते, हवेने फुंकावे. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. त्याने जुन्या गाड्यांचे रबर खराब होऊ शकते, म्हणून नळ्या व पंपाचा पडदा नवे घालणे इष्ट. रेडिएटर पाण्याने भरून गळती पाहावी.

इंजीन सुरू करताना गाडी उघड्यावर असावी. बंद पडवीत धुरातील कार्बन मोनॉक्साइडने माणूस बेशुद्ध होऊन दगावतो, आणि त्या वायूला वास नसल्यामुळे आधी कळतही नाही. चाकांना दगडांची ओट लावावी व वाळूची बादली जवळ ठेवावी. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा व ते खालून वर ओढावे. इंजीन उलटा झटका देते, आणि मुठीभोवती वळवलेला अंगठा त्यात मोडतो. जुने मिस्त्री शिकाऊ मुलाला पाना हाती देण्यापूर्वी हे शिकवीत, ते उगीच नव्हे.

इंजीन फडफडून चालू लागले म्हणजे प्रथम पांढरा-निळा धूर निघतो. ते सिलिंडरात ओतलेले तेल जळत असते, भिण्याचे कारण नाही. दृष्टी मात्र तेलाच्या दाबाच्या काट्यावर असावी. काही क्षणांत काटा उचलला नाही तर इंजीन ताबडतोब बंद करावे. काटा उचलला तर अर्धा तास ते मंद चालू द्यावे आणि गंजाचे कण व रॉकेल धुवून आणणारे ते तेल पुन्हा बदलावे. इतके झाल्यावर ब्रेककडे वळावे. एवढी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक बहुधा इंजिनाहूनही वाईट अवस्थेत असतात, व ते नीट होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढू नये.