काम चालू, सायकल बंद

'काम चालू, रस्ता बंद' हा फलक मराठी माणसाला काही नवा नाही. आमच्या हैदराबादेत तो तेलुगू आणि इंग्रजीत असतो, एवढाच फरक. खाली 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' हेही असतं. गच्चीबावली-कोंडापूरच्या बाजूला पूल, गटार किंवा केबल, कशाचंच खोदकाम सुरू नाही असा महिना मला आठवत नाही. मी आठवड्यातले तीन-चार दिवस ऑफिसला सायकलने जातो. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने जाताना फलक नीट वाचून होतात, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. यातला एकही फलक सायकलवाल्याशी बोलत नाही.

'डायव्हर्जन'चंच घ्या. बाण डावीकडे वळवतो आणि पुढच्या यू-टर्नवरून फिरून परत यायला सांगतो. समजा हा वळसा दोन किलोमीटरचा आहे. ताशी तीसच्या वेगाने जाणाऱ्या स्कूटरला त्याला चार मिनिटं लागतात. बारा किलोमीटरच्या वेगाने पेडल मारणाऱ्याला दहा मिनिटं लागतात, आणि मागे गॅसचं सिलिंडर किंवा भाजीची पोती बांधलेली असतील तर दमही लागतो. मग तो माणूस काय करतो? बॅरिकेडच्या कडेने उलट्या दिशेने घुसतो. आपण गाडीच्या काचेआडून म्हणतो, "या सायकलवाल्यांना शिस्तच नाही!" पण ज्या जागेतून खोदकामावरचे कामगार दिवसभर ये-जा करत असतात, तिथून एक सायकल सहज निघते. 'सायकल वगळून' अशी एक छोटी पाटी आणि दोन ड्रमांमध्ये मीटर-दीड मीटर जागा, एवढंच लागतं.

रात्रीची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रस्त्यावरचे चकाकणारे फलक स्वतः प्रकाश देत नाहीत. त्यांच्यावरचा कागद असा बनवलेला असतो की पडलेला प्रकाश जिथून आला तिकडेच परत जावा. मोटारीचे दिवे आणि चालवणाऱ्याचे डोळे जवळजवळ असतात, म्हणून त्याला फलक दुरूनच लख्ख दिसतो. ज्या सायकलला दिवाच नाही, तिच्यावरच्या माणसाला मात्र तोच फलक काळ्या पाटीसारखा दिसतो. आजोबांच्या सायकलला टायरला घासून चालणारा डायनमो असायचा, आता तोही गेला. म्हणजे कंत्राटदाराने नियमानुसार उत्तम प्रतीचे फलक लावले, तरी रात्री अकराला हॉटेलातून घरी निघालेल्या मुलाला पुढे चर आहे हे कळतच नाही. त्यात बॅरलना बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अंधारात सायकलवाल्याच्या बरोबर छातीशी येते. त्याच्यासाठी लुकलुकणारा पिवळा दिवा हवा, स्वतःच्या प्रकाशाने दिसणारा.

चरावर टाकलेल्या लोखंडी प्लेटांचंही तसंच. मोटारीला फक्त 'खडाड' असा आवाज येतो. सायकलचं चाक तीन-चार सेंटिमीटर रुंद असतं. दोन प्लेटांमधली फट जाण्याच्या दिशेने असेल तर ते थेट आत बसतं, आणि पावसात प्लेट साबणासारखी होते. इथे फलकाचाही उपयोग नाही, प्लेट आडवी टाकणं हाच उपाय.

नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागेतील वाहतुकीसाठीची मार्गदर्शिका आहे, आयआरसी एसपी ५५. तिची २०१४ ची सुधारित आवृत्ती इंजिनिअर मंडळींनी जरूर चाळावी. आधी इशारा, मग वळण, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी पूर्ववत रस्ता, असे टप्पे तिने केले आहेत. मांडणी सुरेख आहे. पण इशारा किती आधी द्यायचा हे येणाऱ्या वाहनांच्या वेगावरून ठरतं. म्हणजे हिशेबाच्या मध्यभागी इंजिनच बसलेलं आहे.

कामानिमित्त मी काही काळ इंग्लंडमध्ये होतो. सायकलवाल्यांशी बोलणारे फलक तिथे पाहिले, पण पहिल्यांदा हसूच आलं. खोदकाम आलं की लाल पाटी: 'सायकलस्वारांनी उतरावे'. मोटारवाल्याला कोणी 'खाली उतरा आणि गाडी ढकला' असं सांगेल का? तिथले सायकलवाले यावर वर्षानुवर्षं चिडत आले आहेत. मुळात ती पाटी सल्लावजा असते, कायद्याने बंधनकारक नसते. पुढे सरकारी धोरणही बदललं. इंग्लंडच्या परिवहन खात्याने २०२० मध्ये काढलेल्या 'एलटीएन १/२०' या मार्गदर्शिकेत 'उतरा' असं सांगणाऱ्या पाट्या वापरू नयेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. अरुंद कामाच्या जागी आता दुसरी पाटीही दिसते: 'लेन अरुंद आहे, सायकलस्वारांना ओव्हरटेक करू नका'. मला यातला बदल फार मोठा वाटतो. रस्ता तोच, अडचण तीच. फक्त सूचना ऐकायची पाळी मोटारवाल्याची. जुन्या पाट्या तिथेही अजून दिसतात म्हणा. गोदामात पडलेल्या पाट्या कोण टाकून देणार!

हैदराबादेत २०२३ मध्ये आउटर रिंग रोडलगत सौर छताचा सुमारे २३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक झाला. रविवारी सकाळी तिथे जायला मजा येते, पोरांना घेऊन जरूर जा. पण तो ट्रॅक वापरणारे आणि रोज रात्री चराच्या कडेने जाणारे हे बहुतेक वेगळे लोक आहेत. सुरक्षारक्षक, डिलिव्हरीवाले, बांधकामावरचे मजूर. गंमत म्हणजे ते फलक जमिनीत रोवणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतः जुन्या काळ्या सायकलवर येतात. अर्थात, फलकावर काय लिहायचं हे त्यांना कोणी विचारत नाही.

आमच्या कॉलनीबाहेर सध्या गटाराचं काम चालू आहे. रात्री काढलेले चार फोटो आणि दोन ओळींची विनंती मी साइटवरच्या इंजिनिअरला पाठवली. फोटोत फलक पूर्ण काळा दिसत होता, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. आठ दिवसांनी चराच्या दोन्ही टोकांना बॅटरीचे पिवळे दिवे लागले. प्लॅस्टिकची पट्टी काढून तिथे ड्रम आले. दोन ड्रमांमध्ये सायकलपुरती जागाही सोडली आहे. 'सायकल वगळून' ही पाटी मात्र अजून आलेली नाही. तसा नमुना ऑफिसात नाही, असं तो म्हणाला. मी तेलुगू, इंग्रजी आणि सायकलचं चित्र असा एक नमुना करून त्याला पाठवला आहे.