तुरुंगातील नोकरी आणि तीस लागणारे शिक्षण



आमच्या पौडाकडे पहाटे कोळवणच्या रस्त्याने गेल्यास मुलांचे घोळके धावताना दिसतात. कशासाठी धावता म्हणून विचारावे, तर उत्तर एकच : ‘भरतीसाठी, गुरुजी.’ कोणाच्या मनात लष्कर असते, कोणाच्या पोलीस. तुरुंगातील शिपायाची जागा मात्र कोणी आवडीने मागत नाही. इतर काही न साधल्यास ती आहेच, असा एकंदर भाव. तो मला योग्य वाटत नाही. म्हणून आज या नोकरीविषयी आणि तिला लागणाऱ्या शिक्षणाविषयी चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

मुळशी पेट्याचा आणि तुरुंगाचा संबंध नवा नव्हे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सेनापती बापटांसह कित्येक मावळे, त्यांत बायाही, तुरुंगात गेले. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांनी तुरुंग पाहिला तो गजांच्या आतील बाजूने. आता त्यांची पणतवंडे बाहेरील बाजूस, किल्ल्या घेऊन उभी राहू पाहतात. त्यांनी पहिली बाजूही ध्यानात ठेवावी, इतकेच माझे मागणे.

प्रथम नियमांचे सांगतो. महाराष्ट्रात कारागृह शिपायाच्या पदास बारावी उत्तीर्ण असावे लागते. सन २०२४ च्या भरतीत या पदाच्या १८०० जागा पोलीस शिपायांच्या बरोबरच निघाल्या होत्या. वय खुल्या वर्गास १८ ते २८ आणि मागासवर्गीयांस पाच वर्षांची सवलत. आधी मैदान, मग कागद. मैदानाचे गुण ५० : पुरुषांस १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि ७.२६ किलोचा गोळा. स्त्रियांस ८०० व १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. त्यांत निम्मे गुण मिळविल्यावाचून पुढची पायरी नाही. लेखी परीक्षा १०० गुणांची, दीड तासाची : अंकगणित, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. उंची-छातीची मापे आणि इतर अटी ज्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहाव्या. ऐकीव माहितीवर अर्ज भरू नये.

मुलांचा सारा जीव त्या १६०० मीटरांत अडकलेला असतो. अंकगणित आणि व्याकरण म्हणजे सरकारने उगीच लावलेले झेंगट, असे त्यांस वाटते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. तुरुंगात धावण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वाचण्याचा, लिहिण्याचा आणि दिवस मोजण्याचा प्रसंग रोज येतो.

हे कसे ते पाहा. आपल्या देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे न्यायाधीन असतात, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या मनुष्याने आरोपित गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एकतृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला, तर न्यायालयाने त्यास बंधपत्रावर सोडावयाचे असते. इतरांस निम्मा काळ. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यांतून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तर गोष्ट निराळी. परंतु मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकले आहे. आता गुन्ह्यास तीन वर्षांची शिक्षा असेल, तर एकतृतीयांश म्हणजे एक वर्ष. पाचवीतला मुलगा हे सांगेल. पण अटकेची तारीख वहीत चुकीची उतरली, किंवा एका नावाच्या दोघांची कागदपत्रे एकमेकांत मिसळली, तर कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा विनाकारण आत राहील. वर्गात हातचा विसरला तर एक गुण जातो; येथे माणसाचे दिवस जातात. हिशेब अधिकाऱ्याचा खरा. पण दारावरची नोंद शिपायाच्याच हातची असते.

दुसरे शिक्षण कायद्याचे. तुरुंगाचा मूळ कायदा १८९४ चा, आणि त्यावर रचलेल्या नियमपुस्तकांत पुष्कळ जुनाट गोष्टी राहून गेल्या होत्या. जात पाहून बंद्यांस काम वाटून देण्याची चाल त्यांतलीच : झाडू एकाने मारावा, स्वयंपाक दुसऱ्याने करावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. हा निकाल दिल्लीस झाला. पण सकाळी बराकीत कामे वाटली जातात, तेथे शिपाई उभा असतो. त्यास हे ठाऊक नसेल तर निकाल कागदावरच राहावयाचा.

मुलींसाठी एक निराळी गोष्ट. स्त्री बंद्यांवर देखरेख स्त्रियांनीच करावयाची असते, आणि सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर तुरुंगात राहू शकतात. झडती घेणाऱ्या बाईला कधी कधी रांगत्या मुलाची समजूतही घालावी लागते. याची परीक्षा कोणत्याही मैदानावर होत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १७ डिसेंबर २०१५ रोजी नेल्सन मंडेला यांच्या नावाने तुरुंगविषयक नियम स्वीकारले. मंडेला स्वतः २७ वर्षे बंदीवान होते. या नियमांत, नोकरांस कामावर लावण्यापूर्वी शिक्षण द्यावे आणि बळाचा वापर स्वसंरक्षण, पलायनाचा यत्न वा हुकमास विरोध एवढ्याच प्रसंगी, तोही जरुरीपुरता करावा, असे सांगितले आहे. आपल्याकडे येरवड्यास दौलतराव जाधव यांच्या नावाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे. ते ज्या मध्यवर्ती कारागृहाच्या शेजारी आहे, त्याच कारागृहात १९३२ साली गांधीजींचे उपोषण आणि पुणे करार झाला. शिकाऊ मंडळींनी एवढा इतिहास तरी जाणून घ्यावा.

कोणी म्हणेल, गुरुजी, दरोडेखोरांपुढे पुस्तकी विद्या काय कामाची? त्यांस मी आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर दाखवीन. औंध संस्थानच्या काळी तेथे भिंतींवाचूनची कैद्यांची वसाहत उभी राहिली. कैदी शेती करीत, कुटुंबासह राहत. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्यातील जेलर अंगाने धिप्पाड म्हणून नव्हे, तर दिलेला शब्द पाळणारा म्हणून सहा खुन्यांना आवरतो. सगळ्याच बंद्यांना हे लागू पडेल असे मी म्हणत नाही. काहींना भिंत हवीच.

शिपायापुढे हवालदार, सुभेदार अशा पायऱ्या आहेत. तुरुंगाधिकारी व्हावयाचे तर पदवी हवी. बारावीवर लागलेल्या मुलाने तेवढ्यावर थांबू नये. मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे काही मध्यवर्ती कारागृहांतच आहेत. बंदी तेथे पदवीचा अभ्यास करतात. ज्याच्या कोठडीस आपण कुलूप लावतो तो रात्री पुस्तक घेऊन बसलेला असेल, तर पाळी संपल्यावर शिपायासही अर्ज भरता येण्यासारखा आहे. वयाची अट तेथे आडवी येत नाही, आणि धावावेही लागत नाही.