आणखी एक बोली बोलावी काय?



पत्ते म्हणजे सुटीतला विरंगुळा, अशी आपल्याकडे समजूत आहे. मेंढीकोट घरोघर रंगतो. आणि 'तीनशेचार' खेळणाऱ्या मंडळींना बोली चढवण्याची चटक कशी असते हे निराळे सांगायला नको. ब्रिज हा खेळ त्याच कुळातला. आज चालतो तो काँट्रॅक्ट ब्रिज हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थांनी 1925 साली एका आगबोटीच्या प्रवासात, जुन्या ब्रिजची गुणपद्धती बदलून रूढ केला. त्याच्या सर्व अंगांचा परामर्श घेण्यास एक संध्याकाळ पुरणार नाही. तेव्हा आम्ही एकच प्रश्न घेतो: प्रतिपक्ष बोली चढवीत असता आपण आणखी वर जावे, की थांबावे?

न खेळणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. प्रत्येकाला तेरा पाने मिळतात, म्हणजे डावात एकंदर तेरा हात होतात. पहिले सहा हात बोलीत धरत नाहीत. 'दोन बदाम' म्हणजे बदाम हुकूम धरून आठ हात करण्याची हमी, 'तीन इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम धरून नऊ हातांची. रंगांची चढती भाजणी किलवर, चौकट, बदाम, इस्पिक अशी आहे. हमी पुरी झाली तर गुण, आणि न झाली तर दंड.

आता आमचीच एक फजिती सांगतो. भिडूने 'एक इस्पिक' म्हटले. आमच्या संकेताप्रमाणे त्यांच्याजवळ पाच इस्पिके तरी होती. त्यांच्या डाव्या हाताच्या गृहस्थांनी 'दोन बदाम' सांगितले. आमच्यापाशी तीन इस्पिके होती. आम्ही 'दोन इस्पिक' म्हणालो. डावीकडून 'तीन बदाम' आले, पुढचे दोघे पास झाले, आणि पाळी आमच्यावर आली. एक एक्का, एक राजा हातात. शिवाय तीन बदामांपुढे नमते कसे घ्यायचे, हा मानाचा प्रश्न! आम्ही 'तीन इस्पिक' ठोकून दिले. हात आठच झाले, दंड 50. डाव संपल्यावर पाने मांडून पाहिली, तो प्रतिपक्षाचेही बदामात आठच हात होत होते. आम्ही गप्प बसलो असतो तर तेच 50 आम्हाला मिळते. भिडू काही बोलले नाहीत. पण त्यांच्या त्या मौनाने आम्हाला विचार करायला लावले.

आमची चूक ही, की आम्ही आपल्या एक्क्याराजांकडे पाहत होतो. पाहावयास हवे होते हुकमाच्या पानांच्या संख्येकडे, आणि तीही दोन्ही पक्षांच्या. झाँ-रने व्हर्न या फ्रेंच लेखकाने 1969 साली 'ब्रिज वर्ल्ड' या अमेरिकन मासिकात याविषयी एक नियम मांडला. आपल्या उत्तम रंगात आपल्या दोघांची मिळून जितकी पाने, त्यांत प्रतिपक्षाच्या उत्तम रंगातील त्यांची पाने मिळवा. आपला रंग हुकूम असता आपले होणारे हात आणि त्यांचा रंग हुकूम असता त्यांचे होणारे हात यांची बेरीज साधारणपणे तेवढीच येते.

ऐकताना हा चमत्कार वाटतो, पण त्यामागे कारण आहे. समजा, आमच्याजवळ नऊ इस्पिके आहेत, एक्का-राजासह. प्रतिपक्षाची चार, त्यांत राणी. ही चार पाने दोन-दोन अशी वाटली असतील तर राणी पडते आणि हुकमाचा एकही हात आम्ही गमावीत नाही. पण बदाम हुकूम झाले तर त्यांना इस्पिकाचे दोन हात द्यावे लागतात. आता तीच पाने तीन-एक अशी, राणी तिघांत, वाटली गेली असे धरा. आमचा एक हात जातो. पण त्यांच्यातला एक भिडू दुसऱ्याच फेरीला हुकूम मारतो, आणि त्यांचा एक हात वाचतो. आमचे एक कमी, त्यांचे एक जास्त. बेरीज जागच्या जागी!

हा हिशेब वापरायचा कसा? आमचीच फजिती पाहा. आमची इस्पिके आठ. बदाम बोलणाऱ्याजवळ पाच आणि साथ देणाऱ्याजवळ तीन, अशी त्यांचीही आठ. बेरीज सोळा. ते बदामात आठ हात करणार असतील तर आम्ही इस्पिकात आठच करणार. मग तीनवर तीन बोलण्यात दोन्हीकडून तोटा. आता आमच्यापाशी इस्पिकाची आणखी एक दुर्री असती तर? बेरीज सतरा झाली असती. त्यांचे नऊ हात होत असतील तर आमचे आठ: त्यांना 140 देण्याऐवजी आम्ही 50 दंड भरतो. त्यांचे आठ होत असतील तर आमचे नऊ: 50 घेण्याऐवजी आम्ही 140 मिळवतो. दोन्ही बाजूंनी फायदाच. पट्टीचे खेळाडू म्हणून सांगतात, की आपल्या दोघांचे हुकूम जितके, तितक्या हातांच्या बोलीपर्यंत जावे: आठ हुकूम असतील तर दोन, नऊ असतील तर तीन.

आणखी एक गंमत गणितानेच सिद्ध होते. आमची इस्पिके नऊ असली तर प्रतिपक्षाच्या सव्वीस पानांत इस्पिके चार, आणि उरलेल्या तीन रंगांची बावीस. बावीस पाने तीन रंगांत कशीही वाटा, एका रंगात आठ तरी येणारच. म्हणजे आपला रंग लांब असला तर त्यांचाही रंग आहे हे न पाहता कळते.

अर्थात हा नियम म्हणजे पंचांग नव्हे. लॅरी कोएन यांनी 1992 च्या पुस्तकाने तो घरोघर पोचवला. पण माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी 2004 साली त्यावर पुस्तकभर हरकती घेतल्या. बेरीज अनेक डावांत एखाद्या हाताने चुकते. दोन्ही पक्षांचे दोन-दोन रंग जुळत असले तर ती वाढते. प्रतिपक्षाच्या रंगातली राणी-गुलाम आपल्या हातात अडकली असली तर घटते, कारण ती पाने बचावाला उपयोगी, आपल्या बोलीला नाहीत. शिवाय ज्या डावात आपण व्हल्नरेबल, म्हणजे जबर दंडास पात्र, असू, तेथे डबल बसून एक हात कमी पडला तरी 200 जातात. 140 वाचवण्यासाठी एवढा दंड भरणे शहाणपणाचे नव्हे.

तरीही या नियमाने आमचे मोठे काम केले. पूर्वी आम्ही 'आपण जिंकू का?' एवढेच विचारीत असू. आता 'ते खेळले तर काय, आणि आम्ही खेळलो तर काय?' असे विचारतो. 140 ऐवजी 50 गमावणे हीही मिळकतच आहे, आणि पास म्हणणे ही माघार नव्हे, हे आम्हाला उशिरा उमगले. पुढे एकदा तसाच प्रसंग आला. इस्पिके तीनच होती, आणि या खेपेस आम्ही पास म्हटले. प्रतिपक्षाचा एक हात कमी पडला. भिडू तेव्हाही काही बोलले नाहीत. फक्त पाने पिसता पिसता हसले.