डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे गोव्यातील तिसवाडी तालुक्यात, मांडवी नदीच्या खाडीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकावर वसलेले अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे १.७८ चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतांश भाग कांदळवनाने व्यापलेला आहे. त्यास पक्षितज्ज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव देण्यात आले आहे.

पायवाट

पणजीजवळील रायबंदर येथून फेरीबोटीने चोडणला जाता येते. अभयारण्याचे प्रवेशद्वार बेटावरील धक्क्यापासून जवळच आहे. तेथून एक अरुंद, बांधीव पायवाट खारफुटीच्या दाट छायेतून जाते. वाट सपाट असल्याने ती चालण्यास सोपी आहे. पक्षिनिरीक्षणासाठी मनोराही उभारलेला आहे.

भरती-ओहोटी

या वाटेवर काय दिसेल, हे मुख्यतः भरती-ओहोटीवर अवलंबून असते. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो व त्यावर खेकडे आणि निवट्या वावरू लागतात. त्यांच्या मागोमाग बगळे, खंड्या व तुतवार भक्ष्य शोधण्यासाठी येतात. भरतीच्या वेळी हा चिखल पाण्याखाली जातो आणि चिखलात चरणारे पक्षी इतरत्र आश्रय घेतात. हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांची भर पडत असल्याने तो काळ निरीक्षणास विशेष अनुकूल मानला जातो.

वनस्पती व संरक्षण

खाडीच्या चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो. त्यामुळे तिवरासारख्या वृक्षांची श्वसनमुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात व त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत घेतात. कांदळाची आधारमुळे कमानीप्रमाणे खोडापासून खाली येऊन झाडाला मऊ चिखलात स्थिर ठेवतात. पायवाट सोडून चिखलात उतरल्यास श्वसनमुळे मोडतात, चिखल दबतो आणि खेकड्यांची बिळे बुजतात. मोठ्या आवाजाने चरणारे पक्षी उडून जातात व त्यांचा ओहोटीचा मर्यादित वेळ वाया जातो. म्हणून वाटेवरूनच आणि शांतपणे चालणे हा येथील संरक्षणाचाच भाग ठरतो.

कांदळवनामुळे किनाऱ्याची धूप कमी होते. त्याच्या मुळांच्या जाळ्यात मासे व कोळंबीच्या पिलांना आसरा मिळतो. त्यामुळे या वनाचे आरोग्य खाडीतील मासेमारीशीही निगडित आहे.