जंतूचे चिलखत

आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांच्या सभांत बोलण्यात आमची हयात गेली. तरीही न्युमोनियाच्या जंतूविषयी चार शब्द सांगण्याचे धाडस करीत आहोत, कारण या विद्येत मजुरांचाही वाटा आहे.

न्युमोकोकस हा जंतू पुष्कळदा धडधाकट माणसाच्या नाकाघशात निमूटपणे राहतो. त्याच्या अंगावर शर्करेच्या लांब साखळ्यांचे वेष्टण असते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना धरून गिळतात. पण या वेष्टणावर त्यांची पकड नीट बसत नाही. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी लंडनमध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत वेष्टणवाल्या जंतूंनी उंदीर मेले, बिनवेष्टणाच्यांनी मेले नाहीत.

मग चिलखत जितके जाड तितके बरे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. घशाच्या किंवा फुप्फुसाच्या पेशीला धरायचे तर ते काम जंतूच्या अंगावरील प्रथिने करतात, आणि जाड वेष्टणाखाली ती झाकून जातात. जाड हातमोजे घालून सुईत दोरा ओवता येतो काय? प्रयोगशाळेत बिनवेष्टणाचे जंतू पेशींना अधिक चिकटतात व आतही अधिक शिरतात. म्हणून पेशीशी गाठ पडताच हा जंतू आपले वेष्टण पातळ करतो. रक्तात मात्र जाड वेष्टणाचेच तगतात. एकच वस्तू एका जागी ढाल, तर दुसऱ्या जागी अडसर!

हेच वेष्टण जंतूची ओळखही पटवते. शरीराला ते आधी दाखवून ठेवले, की त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात व पांढऱ्या पेशींना पकड मिळते. लस ती हीच. पण वेष्टणाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, ही मोठी अडचण.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत न्युमोनियाने मजूर मरत. १९११ मध्ये खाणमालकांनी आल्मरॉथ राइट यांना बोलावले. त्यांच्या लशीने फारसे साधले नाही. पुढे १९७० नंतर रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी वेष्टणाची लस तेथील खाणमजुरांवरच पारखली, आणि १९७७ मध्ये चौदा प्रकारांच्या लशीला अमेरिकेत परवाना मिळाला. नुसत्या शर्करेची लस दोन वर्षांखालील मुलांना नीट लागू पडत नाही. म्हणून तिला प्रथिनाची जोड देण्यात आली. ही जोडलस भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली व २०२१ मध्ये देशभर नेण्यात आली. ती मोफत आहे.

मजुरांच्या दंडावर पारखलेल्या या विद्येचा लाभ मजुरांच्याच चाळीतील बाळाला मिळू नये, हे आम्हांस मंजूर नाही. आपल्या शेजारच्या बाळाला लस टोचली का, एवढी चौकशी आपण प्रत्येकाने करावी.