कोठडीतील मृत्यू आणि मातांचा न्यायसंघर्ष : परभणीतील दोन प्रकरणांच्या संदर्भात

प्रस्तावना
राज्यसंस्थेच्या ताब्यातील व्यक्तीचा मृत्यू होतो तेव्हा साक्षीदार, पुरावा आणि प्राथमिक तपास हे सर्व बहुधा त्याच यंत्रणेच्या हाती असते. प्रश्न विचारण्याची जबाबदारी मग कुटुंबावर, विशेषतः त्यातील स्त्रियांवर येऊन पडते. या स्त्रियांचे कार्य केवळ शोकाचे प्रकटीकरण नसून कायद्यातील एक उणीव भरून काढणारे असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

कायद्याची चौकट
डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अटकेची माहिती आरोपीच्या नातलगास वा मित्रास देणे बंधनकारक केले. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७६ (१ अ) समाविष्ट झाले व कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी आवश्यक ठरली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. तथापि, चौकशी अहवालानंतर पुढील कार्यवाही कोणी व कशी करावी, याची स्पष्ट कार्यपद्धती त्यात नाही.

परभणीतील दोन माता
मूळचा परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस यास घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणी डिसेंबर २००२ मध्ये अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये तो पळून गेल्याचा दावा पोलिसांनी केला. कुटुंबाने उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला आणि चार पोलिसांवर आरोप ठेवण्यात आले. त्याची आई आसिया बेगम यांनी हा लढा पुढे अनेक वर्षे चालविला. २०२० मध्ये या पोलिसांना सेवेत परत घेण्यात आले, तेव्हा त्यांनी अवमान याचिका दाखल केली.

परभणीतच १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात व धरपकडीत विधी शाखेचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यास अटक झाली. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला आघात हे कारण नोंदले गेले. वडार समाजातील त्याची आई विजयाबाई यांनी शासनाचे दहा लाखांचे साहाय्य नाकारले. त्यांची मागणी दोषींवर गुन्हा नोंदविण्याची होती. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी तसा आदेश दिला. त्याविरुद्धचे राज्य शासनाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै रोजी फेटाळले.

नुकसानभरपाई आणि न्याय यांतील भेद या नकाराने अधोरेखित केला. जो गुन्हा यंत्रणेने स्वतःहून नोंदवावयास हवा होता, त्यासाठी एका मातेला दोन न्यायालयांपर्यंत वाट चालावी लागली.

जागतिक संदर्भ
१९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. त्यामुळे तेथील स्त्रियांच्या कार्याशी तुलना येथे उचित ठरते. २०१४ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘से हर नेम’ मोहिमेने पोलिसी हिंसेत बळी पडलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नावे सार्वजनिक चर्चेत आणली व त्यांच्या कुटुंबीयांना एकत्र केले. ब्राझीलमध्ये मे २००६ च्या हत्याकांडानंतर साओ पाउलो राज्यातील मातांनी ‘मायस दे मायो’ अर्थात ‘मे महिन्याच्या माता’ ही संघटना उभारली. डेबोरा मारिया दा सिल्वा या तिच्या संस्थापकांपैकी एक होत. या दोन्ही ठिकाणी एका कुटुंबाचा अनुभव दुसऱ्या कुटुंबाच्या उपयोगी पडतो. कोणती नोंद मागावी, शवविच्छेदनाबाबत कोणता आग्रह धरावा, दबाव आल्यास कोणाकडे जावे, हे ज्ञान त्यातून संचित होते.

निष्कर्ष
परभणीतील दोन्ही लढ्यांत दोन दशकांहून अधिक काळाचे अंतर आहे. तरीही दुसऱ्या मातेलाही प्रारंभ न्यायालयाच्या दारातूनच करावा लागला. चौकशी अहवालानंतरची कार्यवाही कायद्याने निश्चित करणे ही पहिली गरज आहे आणि पीडित कुटुंबांचा अनुभव एकत्र आणणारी व्यवस्था ही दुसरी. विधी, समाजशास्त्र व समाजकार्य या विभागांना या दुसऱ्या कामात प्रत्यक्ष सहभागी होता येईल. तोवर मातेच्या चिकाटीवरच न्याय अवलंबून राहील, आणि जिच्या अंगी ते बळ उरले नाही तिचा प्रश्न अनुत्तरितच राहील.