रजेचे दिवस आणि जुनी मोटार

पलूसच्या परिसरास यंत्रविद्येची ओळख नवी नाहीं. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर कारखाना थाटला. तीच आजची किर्लोस्करवाडी. त्यापूर्वीं बेळगांवास त्यांचें सायकलींचें दुकान होतें. हात काळे केल्यानें विद्वत्तेस कमीपणा येत नाहीं, हा धडा या भागानें शंभर वर्षांपूर्वींच घेतला. तरीहि वडिलांची अगर आजोबांची मोटार परसांत ताडपत्रीखालीं गंजत पडली आहे, असें दृश्य आपल्या घरांतून दिसतेंच. एक म्हणतो, ‘भंगारांत द्या’. दुसरा म्हणतो, ‘असूं द्या’. आणि निर्णय होईपर्यंत आणखी एक पावसाळा लोटतो.

अशा मोटारीसाठीं पंधरा दिवसांची रजा खर्चणें हें वेड कीं शहाणपण? आमच्या मतें याचें उत्तर कामाच्या क्रमावर अवलंबून आहे.

आपल्याकडे ही गाडी बहुधा फियाट असते. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ बनविली. १९७४ सालीं तिचेंच नांव ‘पद्मिनी’ झालें. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें वयोमर्यादेमुळें कायमची गेली. तिचें १०८९ सी. सी. चें चार सिलिंडरांचें इंजिन साधें आहे. त्यांत कार्बुरेटर आहे, संगणक नाहीं. म्हणून घरच्या पान्यांनीं पुष्कळ काम होतें.

प्रथम कागद पाहावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें झालेली व मूळ स्वरूपांत राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र तिचा उपयोग रोजच्या प्रवासासाठीं अगर भाड्यानें करतां येत नाहीं. हें ठाऊक नसतां रजा काढणें म्हणजे मुहूर्तावांचून मांडव घालणें होय.

मग ब्रेक. पुष्कळ लोक रंगापासून सुरुवात करतात. गाडी चकाकते, परंतु थांबत नाहीं. वर्षानुवर्षें उभ्या गाडीच्या ब्रेकमधील रबर कुजतें, नळ्या गंजतात. तीं सर्व नवीं घालावीं. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. गाडीखालीं शिरतांना नुसत्या जॅकवर विसंबूं नये. भक्कम लोखंडी टेकू द्यावे.

त्यानंतर टांकींतील शिळें पेट्रोल काढून टाकावें; तें कार्बुरेटरांत डिंकासारखें चिकटतें. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें ऑइल सोडावें, रात्रभर थांबावें आणि इंजिन प्रथम हातानें फिरवावें. घाईनें चावी फिरविणारा बरेंच नुकसान करून बसतो. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा तपासूनच बॅटरी जोडावी. कृष्णाकांठीं २०१९ व २०२१ सालीं पूर आला. त्यांत बुडालेल्या गाडीचें जुनें ऑइल तर अगोदरच काढावें.

पत्रा सांधणें व सिलिंडर घासून घेणें हीं कामें जाणत्या कारागिराकडे द्यावीं. रंग सर्वांत शेवटीं. तो या रजेंत न झाला तरी बिघडत नाहीं.

एकत्र कुटुंबास यांत आणखी एक लाभ आहे. सुटलेल्या प्रत्येक भागाची नोंद वहींत लिहिणें, बोल्ट डब्यांत वेगळे ठेवणें, फोटो काढणें हीं कामें मुलामुलींनीं सारखींच करावीं. आजोबांना गाडीची प्रत्येक खोड ठाऊक असते. ती त्यांच्या तोंडून टिपून घ्यावी. गाडी पुन्हा मिळूं शकेल, तें ज्ञान मिळणार नाहीं. आणि पंधरा दिवसांनीं चासीच सडलेली आढळली, तर गाडी मोडींत द्यावी. तो निर्णय तरी निदान डोळसपणें झालेला असेल.